अख्खं आकाश एकाच काट्यावर तोलायचं, तर काटा कुठला?

रिकामा_विदावाला (धागाकर्ता)

परवा जुनी हार्ड डिस्क उपसताना एमएस्सीच्या प्रोजेक्टचा फोल्डर हाती लागला. नाव 'फायनल_फायनल_३'. त्यातला एक आलेख बघून इतक्या वर्षांनीही कान गरम झाले, म्हणून हा धागा. रेडिओ खगोलशास्त्र हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही. हल्ली मी बँकांच्या व्यवहारांची विदा चाळतो. चुकलो तर जाणकारांनी कान धरावा, गरम आहेच.

विषय आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ मधल्या साधारण एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या १६ तीन फाट्यांवर लांब पसरलेल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २५ किलोमीटर. एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात या दुर्बिणीने सुमारे २००० तास खर्चून १५० मेगाहर्ट्झच्या आसपास दिसेल तेवढं सगळं आकाश झाडून काढलं. त्याला टीजीएसएस म्हणतात, म्हणजे 'टीआयएफआर जीएमआरटी स्काय सर्व्हे'. कच्ची निरीक्षणं संग्रहात खुली होती. ती सगळी ह्यूब इन्टेमा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी नव्याने रांधली आणि २०१७ साली प्रसिद्ध केली: पाच हजारांवर तुकडे, ३६,९०० चौरस अंश, ६ लाख २३ हजारांवर रेडिओ स्रोत. एकूण आकाशाचा ९० टक्के भाग.

आता गंमत अशी, की अँटेना तुम्हाला स्रोताची तेजस्विता सांगतच नाही. ती देते व्होल्टेज. ते केबलमधून, अ‍ॅम्प्लिफायरमधून, फिल्टरमधून, ऑप्टिकल फायबरमधून जातं आणि प्रत्येक टप्प्यावर थोडं फुगतं, थोडं आक्रसतं, थोडं उशिरा पोचतं. ३० अँटेनांचे ३० वेगवेगळे स्वभाव. मग दर दोन अँटेनांच्या सिग्नलांचा गुणाकार होतो, अशा ४३५ जोड्या. कॅलिब्रेशन म्हणजे या ३० स्वभावांचा हिशोब लावून व्होल्टेजचं रूपांतर जान्स्कीत करणं. (१ जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १० चा उणे २६ वा घात इतके वॅट. आकडा वाचूनच जीव दडपतो.)

त्यासाठी आकाशातलेच काही ठरलेले स्रोत वापरतात: ३सी ४८, ३सी १४७, ३सी २८६. यांची तेजस्विता आधीच काळजीपूर्वक मोजून ठेवली आहे. १५० मेगाहर्ट्झला पहिले दोन ६५ जान्स्कीच्या आसपास, तिसरा २७ च्या. आधी दुर्बीण यांच्याकडे वळवायची, ४३५ जोड्यांतून ३० अज्ञातं सोडवायची आणि तेच गुणक मग शेजारच्या आकाशाला लावायचे. किराणावाल्याने सकाळी काट्यावर एक किलोचं वजन ठेवून बघावं तसं.

माझा प्रोजेक्ट सोपा होता. पृथ्वी (सूर्यमालेसकट) विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणाच्या (महास्फोटानंतर उरलेल्या प्रकाशाच्या) संदर्भात सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने, साधारण सिंह राशीच्या खालच्या अंगाच्या दिशेला चालली आहे. समोरच्या बाजूचे स्रोत त्यामुळे किंचित जास्त तेजस्वी भासतात आणि किंचित दाटही. म्हणजे ठरावीक मर्यादेच्या वरचे स्रोत मोजले, तर समोरच्या अर्ध्या आकाशात थोडे जास्त निघायला हवेत. मी मोजले. थोडे नाही, खंडीभर जास्त निघाले.

विश्व एका बाजूला कललंय असं मानून मी आलेख घेऊन सरांकडे धावलो. सरांनी तो बघायच्या आधीच विचारलं, "फ्लक्सची पट्टी दोन्ही अर्ध्यांत एकच आहे कशावरून?"

(फ्लक्स म्हणजे जान्स्कीत मोजलेली तेजस्विता.) मी गप्प. तो प्रश्न मला अजून पुरता सुटलेला नाही. एखाद्या दीर्घिकेचं चित्र काढायचं असेल तर कॅलिब्रेशन १० टक्क्यांनी चुकलं तरी फारसं काही बिघडत नाही. अख्ख्या आकाशाचा नकाशा काढताना सगळीकडे सारखेच १० टक्के चुकले तरी चालेल, पण इथे ८ आणि तिथे १२ चुकले की तीच चूक विश्वरचना म्हणून मिरवायला लागते. निदान माझं मत तसं झालंय. तुम्हाला काय वाटतं?

---

तळ्यात_मळ्यात

पयला! वाचून प्रतिसाद देतो.

---

सर्व्हेवाला

लेख आवडला. मी भूमापनात ३३ वर्षं काढली, आता निवृत्त. एक शंका. ३० अँटेनांचे गुणक तुम्ही ठरलेल्या स्रोतावर काढता. पण दुर्बीण दुसरीकडे वळवल्यावर ते तसेच राहतात याची खात्री काय? आमच्याकडे थिओडोलाइट एका स्टेशनवरून उचलून दुसऱ्यावर मांडलं की लेव्हल पुन्हा करावी लागते.

---

मीरा_ल

काका, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. तसेच राहत नाहीत. :-)

मी नेदरलँड्समध्ये कमी वारंवारतेच्या रेडिओ निरीक्षणांवर डॉक्टरेट करतेय. माझी विदा लोफार दुर्बिणीची, पण जीएमआरटीची १५० मेगाहर्ट्झची काही जुनी निरीक्षणंही हाताखालून गेली आहेत. इथला मोठा खलनायक म्हणजे आयनांबर. डोक्यावर काहीशे किलोमीटर उंचीवर इलेक्ट्रॉनांचा थर आहे आणि त्यातून येताना रेडिओ लहरीची फेज (तिचे चढउतार नेमके कधी पोचतात ते) सरकते. हे सरकणं वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणजे १४०० मेगाहर्ट्झला जे दुर्लक्ष करण्याजोगं, ते १५० ला नऊ पट होतं. शिवाय थर एकसारखा नाही, त्यात लाटा असतात. २५ किलोमीटर अंतरावरच्या दोन अँटेना दोन वेगळ्या लाटांखालून बघत असतात.

त्याहून वाईट म्हणजे जीएमआरटीचा १५० मेगाहर्ट्झचा बीम, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, तीन अंश रुंद आहे. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा. त्यावरून अंदाज करा. या तीन अंशांत डाव्या कडेच्या स्रोताला एक आयनांबर दिसतं आणि उजव्या कडेच्या स्रोताला दुसरं. मग 'एका अँटेनाला एक फेज' हे गृहीतकच कोसळतं. फेज दिशेप्रमाणे बदलते.

इन्टेमांनी जी पद्धत वापरली तिचं नाव स्पॅम. (हो, तेच नाव. ईमेलवर लिहिताना फार पंचाईत होते.) प्रत्येक तुकड्यातले ठळक स्रोत निवडायचे, एकेकाच्या दिशेने वेगळं कॅलिब्रेशन करायचं, त्यातून मिळालेल्या फेज वापरून डोक्यावरच्या थराचं एक मॉडेल बसवायचं आणि ते मॉडेल मग सगळ्या तुकड्याला लावायचं. ठळक स्रोत एकेक करून सोलून बाजूला काढतात म्हणून याला 'पीलिंग' म्हणतात. कांदा सोलण्यासारखंच आहे, डोळ्यांतून पाणीही तेवढंच येतं.

---

नारायणगावकर

आमच्या गावचं नाव बघून थांबलो. टोमॅटोचा धंदा आहे, शेती खोडद रस्त्याला. लहानपणापासून त्या तबकड्या बघतोय. पाहुणे आले की विचारतात, जाळीतून आभाळ दिसतं, मग लाटा खाली पडत नाहीत का?

विज्ञान दिनाला आतल्या लोकांनी सांगितलेलं लक्षात आहे: लाट दोन मीटर लांब असेल तर बोटभर भोकाची जाळी तिला पत्र्यासारखीच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. ती जाळी स्टीलच्या बारीक तारांची आहे आणि दोरखंडांसारख्या ताणलेल्या तारांवर पसरली आहे. दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप साहेबांची कल्पना.

दुसरं म्हणजे ठिणग्या. विजेच्या खांबावर तार सैल झाली, चिनीमातीचा इन्सुलेटर तडकला की बारीक ठिणगी पडत राहते. आपल्याला दिसत नाही, पण यांच्या मशीनला म्हणे फटाक्याची माळ लागल्यासारखी ऐकू येते. आमच्या बांधावरचा एक खांब असाच निघाला होता. मोजायला माणसं आली, खांब सापडला, दुरुस्त झाला. मला त्यातून एवढंच मिळालं की मोटरला दाब नीट यायला लागला.

---

रिकामा_विदावाला

@नारायणगावकर दादा, बांधावरचा खांब हा या धाग्याचा मानबिंदू. ठिणगीचा आवाज सगळ्या वारंवारतांवर पसरतो आणि कमी वारंवारतेला जास्त जाणवतो, त्यामुळे १५० मेगाहर्ट्झवाल्यांना तो जास्त छळतो. आकाशाचा पहिला रेडिओ नकाशा काढणाऱ्या ग्रोट रेबरलाही हाच त्रास होता. त्याने स्वतःच्या घराच्या आवारात साडेनऊ मीटरच्या आसपासची तबकडी स्वखर्चाने उभारली होती आणि १६० मेगाहर्ट्झला आकाश मोजून १९४४ साली नकाशे छापले. मोटारींच्या इंजिनांच्या ठिणग्या मध्ये येतात म्हणून तो रात्री निरीक्षणं घ्यायचा.

@सर्व्हेवाला काका, उंचीमुळेही गडबड होते. टीजीएसएस दक्षिणेला उणे ५३ अंश क्रांतीपर्यंत (क्रांती म्हणजे आकाशातला अक्षांश) थांबतो. जीएमआरटी १९ अंश अक्षांशावर, म्हणजे उणे ५३ चा स्रोत सर्वात उंच चढला तरी क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर येतो. तबकड्या १७ अंशांच्या खाली झुकत नाहीत. सुटलेले १० टक्के आकाश ते हेच.

---

सर्व्हेवाला

मीराताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. फेजची चूक दिशेदिशेने बदलते, तरी चित्र निघतं, म्हणजे कुठे तरी 'क्लोजिंग' आहे. ट्रॅव्हर्समध्ये आम्ही फिरून पहिल्या स्टेशनवर येतो. कोनांची बेरीज जुळली नाही तर चूक आमची, जमिनीची नाही. तसं काही यांच्यात आहे का?

---

मीरा_ल

काका, तुम्ही चुकून भूमापनात गेलात! अगदी हेच आहे आणि नावही तेच: क्लोजर.

तीन अँटेना घ्या, अ, ब, क. अ-ब जोडीत अ ची चूक अधिक चिन्हाने येते आणि ब ची उणे. ब-क मध्ये ब ची अधिक, क ची उणे. क-अ मध्ये क ची अधिक, अ ची उणे. तिन्ही जोड्यांच्या फेजची बेरीज केली की अँटेनांच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरतं ते फक्त आकाशाचं. ही युक्ती जेनिसनने १९५८ मध्ये मांडली. ३० अँटेनांत असे त्रिकोण हजारोंनी मिळतात. सेल्फ-कॅलिब्रेशन म्हणून जे करतात, त्याचा पाया हाच. आधी ढोबळ चित्र काढायचं, त्या चित्राला खरं मानून गुणक सुधारायचे, सुधारलेल्या गुणकांनी पुन्हा चित्र काढायचं.

पण काका, यात एक खोट आहे. तुम्हीच ओळखा.

---

सर्व्हेवाला

ओळखली. ट्रॅव्हर्स स्वतःत कितीही सुरेख मिटला तरी तो समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे सांगत नाही. त्याला बेंचमार्क लागतो. आमच्या वेळी जुन्या जीटीएस (ब्रिटिशकालीन महासर्वेक्षणाच्या) दगडावरून उंची आणायचो. दगडच खचला असेल तर सगळा तालुका खचलेला, आणि कागदावर मात्र सगळं जुळलेलं.

---

रिकामा_विदावाला

काका, _/\_

माझ्या सरांचा प्रश्न तुम्ही दोन ओळींत मांडलात. दगड खचतो तो कसा, तेही सांगतो. पूर्वी रेडिओवाल्यांचा आवडता दगड होता शर्मिष्ठेतला 'कॅस ए', आकाशातला सर्वात ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक. पण तो आहे ताऱ्याच्या स्फोटाचा अवशेष, जेमतेम साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्याला दिसू शकला असता अशा स्फोटाचा. तो अजून पसरतोय आणि विझतोय. दरवर्षी एक टक्क्याच्या आतबाहेर. म्हणजे १९७० च्या आकड्यावर आज दुर्बीण लावली तर काटा केवढा तरी चुकेल. म्हणून मग लांबचे, न बदलणारे मानलेले क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची झगझगीत केंद्रं) वगैरे निवडले. तर त्यातला ३सी ४८ हा २०१८ पासून जास्त वारंवारतांना उसळलेला आहे. १५० मेगाहर्ट्झला त्याचा धक्का नाही, पण वजनाच्या दगडाने चुळबुळ करणं बरं लक्षण नव्हे.

---

हवालदार_अण्णा

सगळं ठीक. पण सहा लाख ठिपके मोजून शेतकऱ्याला काय मिळालं? सरकारचा पैसा आहे.

---

नारायणगावकर

मोटरला दाब मिळाला, वर सांगितलं ना.

---

तळ्यात_मळ्यात

=)) अण्णा, आज तुमचा दिवस नाही.

वाचून झालं. मला एक कळलं नाही. १० टक्के चूक ही मोठी का छोटी? घरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर १० टक्के म्हणजे दुकान बंद.

---

रिकामा_विदावाला

यावर कच्चा हिशोब देतो, कारण माझी लाज नेमकी इथेच गेली.

३७० भागिले ३ लाख, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या ०.१२ टक्के. मंद स्रोतांची संख्या आणि त्यांचा वर्णपट यांचा परिणाम धरला की हे सुमारे पावणेचार पट वाढतं. म्हणजे ऐन समोरच्या दिशेला स्रोत ०.४६ टक्के जास्त दाट. पूर्ण अर्ध्या आकाशाची सरासरी काढली की त्याच्या निम्मे, ०.२३ टक्के. सहा लाख २३ हजारांच्या अर्ध्यात, म्हणजे ३ लाख ११ हजारांत, हे झाले सुमारे ७२०. पुढच्या अर्ध्यात एवढे जास्त, मागच्यात एवढे कमी. निव्वळ योगायोगानेही या आकड्यात साडेपाचशेचा चढउतार होतोच. म्हणजे आधीच सुईच्या टोकावरचा खेळ. (टीजीएसएसने पूर्ण अर्धगोल झाकलेलेच नाहीत, तो भाग सोडून देतो.)

आता समजा, एका अर्ध्या आकाशात फ्लक्सची पट्टी ५ टक्क्यांनी फुगली आहे. ठरावीक मर्यादेच्या वरच्या स्रोतांची संख्या साधारण फ्लक्सच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून तिकडचे मोजलेले स्रोतही सुमारे ५ टक्क्यांनी वाढतात. ३ लाख ११ हजारांचे ५ टक्के म्हणजे साडेपंधरा हजार.

७२० शोधायला निघालो होतो आणि काट्याच्या चुकीने साडेपंधरा हजार देऊ केले. पट्टी ०.२ टक्क्यांपर्यंत सारखी असल्याशिवाय हा प्रयोग करण्यात अर्थ नाही, आणि टीजीएसएसच्या कर्त्यांनी स्वतःच फ्लक्सची अचूकता १० टक्के आहे असं स्वच्छ लिहिलं होतं. ते मी वाचलं नव्हतं. वाचलं होतं, पण तो 'सावधान' वाला परिच्छेद म्हणून ओलांडून गेलो होतो. कर्त्यांचा यात काहीच दोष नाही. त्यांनी ज्या कामासाठी नकाशा केला त्याला १० टक्के उत्तम आहेत.

माझं सांत्वन एवढंच, की मोठमोठे लोकही याच खड्ड्याशी येऊन थांबले. टीजीएसएसवरून काढलेली ही असमानता पार्श्वभूमी प्रारणावरून अपेक्षित असते त्यापेक्षा कितीतरी मोठी येते असे शोधनिबंध २०१८-१९ मध्ये आले. अमेरिकेच्या व्हीएलए दुर्बिणीच्या १४०० मेगाहर्ट्झच्या एनव्हीएसएस यादीतही ती अपेक्षेपेक्षा जास्त येते, पण टीजीएसएसमध्ये त्याहून खूपच मोठी. पाठोपाठ, मोठ्या कोनांवरचा हा फुगवटा फ्लक्सच्या पट्टीतल्या चुकांनी येऊ शकतो असं दाखवणारं कामही आलं.

---

मीरा_ल

हिशोब पटला. मात्र 'पट्टी अर्ध्या आकाशात फुगली' असं सरळ घडत नाही, घडतं ते ठिगळाठिगळाने. २०१७ मध्येच नताशा हर्ली-वॉकर यांनी टीजीएसएसची तुलना ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए दुर्बिणीच्या ग्लीम यादीशी केली आणि दोन्ही याद्या जिथे एकमेकींवर येतात तिथे टीजीएसएसची पट्टी जागेजागेप्रमाणे सरकलेली दाखवली. त्या भागासाठी सुधारलेली यादीही दिली.

ठिगळं का पडतात, त्याचं एक कारण धाग्यात कुणीच काढलं नाही आणि मला ते सर्वात सुंदर वाटतं: आकाश स्वतःच तापलेलं आहे.

१५० मेगाहर्ट्झला रिसीव्हरच्या कुरकुरीपेक्षा आपल्या आकाशगंगेची कुरकुर मोठी असते. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर आकाशाचं रेडिओ तापमान अडीचशे केल्विनच्या घरात, पट्ट्यात केंद्राकडे गेलात की हजारोंत. आता सिग्नलच्या साखळीत अशी सोय असते, की एकूण पातळी वाढली की ती आपोआप खाली ओढली जावी, नाहीतर पुढची यंत्रणा भरून वाहते. भजनात माइकचा आवाज वाढला की ऑपरेटर खुंटी मागे घेतो, तसं. पण खुंटी मागे घेतली की टाळ, मृदंग, बुवा सगळेच बारीक होतात. तुम्ही ३सी ४८ वर थंड आकाशात कॅलिब्रेशन केलं आणि मग आकाशगंगेच्या पट्ट्यात शिरलात, तर तिथले स्रोत खऱ्यापेक्षा मंद नोंदले जातात. त्यामुळे तिथल्या आकाशाचं तापमान माहीत असेल तर त्या प्रमाणात गुणक वाढवून घ्यायचा.

हे तापमान आणायचं कुठून? जीएमआरटीवाले बरेचदा हॅस्लमचा नकाशा वापरतात: ४०८ मेगाहर्ट्झ, १९८२, जर्मनीतली एफेल्सबर्ग, इंग्लंडमधली जॉड्रेल बँक आणि ऑस्ट्रेलियातली पार्क्स यांची निरीक्षणं शिवून केलेलं पूर्ण आकाश. ४०८ वरून १५० वर यायला वारंवारतांच्या गुणोत्तराचा २.५५ वा घात घेतात, म्हणजे जवळपास १३ पट. ४०८ ला २० केल्विन असेल तर १५० ला सुमारे २५७.

आणि इथे काकांचा दगड पुन्हा येतो. हॅस्लमच्या नकाशाच्या शून्यातच उणेअधिक ३ केल्विनची अनिश्चितता आहे. २० मध्ये ३! शिवाय तो २.५५ चा घातही सगळीकडे सारखा नाही. एका नकाशाचा काटा दुरुस्त करायला दुसरा नकाशा, त्याचाही काटा आपापल्या परीने हललेला.

---

सर्व्हेवाला

शून्य ठरवणं एवढं अवघड का? दुर्बीण झाकून ठेवा, जे येईल ते शून्य.

---

मीरा_ल

४५ मीटरची झाकणार कशाने काका? :-) आणि झाकण स्वतः ३०० केल्विनवर असतं, १५० मेगाहर्ट्झच्या थंड आकाशाहून गरम. थोडक्यात सांगते. एकेकट्या तबकडीला शून्याची फार काळजी, कारण जमिनीची ऊबही कडेने आत झिरपते. जीएमआरटीसारख्या जोड्यांच्या दुर्बिणीला सपाट पार्श्वभूमी दिसतच नाही, तिला फक्त चढउतार दिसतो. म्हणून तिला शून्याची चिंता नाही, पण त्याच कारणाने आकाशाचं खरं तापमान ती स्वतःच्या जोड्यांतून मोजू शकत नाही. उसनं आणावं लागतं.

---

तळ्यात_मळ्यात

म्हणजे ज्या घराचं भाडं ठरवायचं त्याच घरमालकाला बाजारभाव विचारायचा. पुण्यात नवीन नाही.

---

रिकामा_विदावाला

मीरा, हे वाचून शनिवार वाया घालवला. ग्लीमच्या यादीत १५१ मेगाहर्ट्झचा स्तंभ आहे. दोन्ही याद्या उतरवल्या, उणे ५३ ते अधिक ३० क्रांतीमधले स्रोत जुळवले, फ्लक्सचं गुणोत्तर काढून आकाशावर रंगवलं. सपाट राखाडी यायला हवं होतं. आलं ते गोधडीसारखं. ठिगळं काही अंशांची, आणि काही ठिकाणी शेजारी शेजारी तुकडे एकदम वेगळे.

---

मीरा_ल

गोधडी खरी आहे, पण फोल्डरला फायनल नाव द्यायच्या आधी दोन प्रश्न. चित्रातला सर्वात बारीक ठिपका ग्लीमचा सुमारे दोन कलांचा, टीजीएसएसचा २५ विकलांचा (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला). टीजीएसएसला जे तीन स्रोत दिसतात ते ग्लीममध्ये एक होतात. तू एकटेदुकटे स्रोत वेगळे काढलेस का? आणि टीजीएसएसमधली शिखर तेजस्विता घेतलीस की एकूण फ्लक्स? आयनांबराने स्रोत थोडा फिसकटला की शिखर घटतं, एकूण तसंच राहतं.

तिसरं, कंसात घाल: ग्लीमलाही क्रांतीप्रमाणे बदलणारी चूक सुधारावी लागली होती, जुन्या सर्वेक्षणांशी ताडून. तोही देवाघरचा काटा नाही.

---

रिकामा_विदावाला

एकूण फ्लक्स घेतला. एकटेदुकटे वेगळे केले नव्हते. :-(

आता तीन कलांच्या आत दुसरा शेजारी असेल तो स्रोत गाळला. ठिगळांचा मोठा भाग तसाच राहिला, बारीक खडबड मात्र बरीच गेली. फोल्डरचं नाव 'फायनल_४_मीराने_तपासलेलं' ठेवलंय.

---

मीरा_ल

माझं नाव काढ त्यातून. मी फक्त प्रश्न विचारले.

लोफारवाल्यांचं सांगते, नाहीतर जीएमआरटीचीच बदनामी होईल. आमच्या १४४ मेगाहर्ट्झच्या सर्वेक्षणाच्या २०२२ च्या खेपेत ४४ लाख स्रोत आहेत. तिथेही तुकड्यातुकड्याची पट्टी जुन्या याद्यांशी ताडून एका पातळीवर आणावी लागली. कमी वारंवारतेला हे सगळ्यांचं दुखणं आहे. २०१०-१२ चा काळ तर सौरडाग वाढत चाललेला, आणि खोडद चुंबकीय विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ. सूर्यास्तानंतर तिथलं आयनांबर उकळत्या दुधासारखं असतं. अशा ठिकाणाहून दोन विकलांच्या आत स्थाननिश्चिती आणि १० टक्क्यांत फ्लक्स काढणं ही मोठीच मजल आहे.

---

हवालदार_अण्णा

माझा मघाचा प्रश्न मागे घेत नाही, पण वाचतोय. ते पुणे-नाशिक रेल्वेचं याच दुर्बिणीमुळे अडलं ना?

---

नारायणगावकर

हो. ठरलेला मार्ग दुर्बिणीच्या जवळून होता. विजेच्या गाडीच्या ठिणग्या चालणार नाहीत असं म्हणणं पडलं. गावात दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. माझा माल ट्रकनेच जातो, मला रेल्वे हवी होती. पण तबकड्या हलवा म्हणणाऱ्यांच्यातही मी नाही. त्यावर वेगळा धागा काढा, हा बरा चाललाय.

---

सांजवेळ

शाळेत विज्ञान शिकवते. उशिरा आले. सातवीच्या मुलांना हे सांगायचं तर ट्रॅव्हर्स आणि भजनाची खुंटी दोन्ही घेते, आगाऊ आभार. एक विनंती: तो विझत चाललेला 'कॅस ए' मुलांना आकाशात दाखवता येईल का? निदान बोट कुठे करायचं?

---

रिकामा_विदावाला

सांजवेळताई, डोळ्यांना तो दिसत नाही, पण जागा दाखवता येते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अंधार पडल्यावर उत्तरेला तोंड करून उभं राहायचं. पाच ताऱ्यांची शर्मिष्ठा इंग्रजी एम अक्षरासारखी दिसते. त्या एमच्या पश्चिमेकडच्या, म्हणजे तुमच्या डाव्या हाताच्या टोकाचा तारा धरायचा आणि अजून पाचेक अंश डावीकडे जायचं, हात लांब करून तीन बोटं आडवी धरली तर साधारण तेवढं. तिथे काहीच दिसणार नाही. तीच जागा.

---

नारायणगावकर

बाई, २८ फेब्रुवारीच्या सुमारास मुलांना घेऊन खोडदला या. विज्ञान दिनाला आत सोडतात, मुलांची प्रदर्शनं असतात, गर्दी जत्रेसारखी. सकाळी लवकर निघा, दुपारी ऊन लागतं आणि चौकात सावली म्हणून तबकड्यांचीच, तीही जाळीची.